थेंबाला शेपूट

१

फुलचूरच्या रस्त्याला योगराजचं गॅरेज आहे. सकाळी नऊला शटर वर गेलं की बाकीचे मिस्त्री अगरबत्ती लावतात, चहा सांगतात. योगराज आधी खाली वाकतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्यांनी फरशीवर काय काय गाळलंय ते बघतो. काळा डाग म्हणजे इंजिन, हिरवट ओल म्हणजे रेडिएटर, दाट पिवळं म्हणजे मागच्या चाकांकडचं काहीतरी. तेवीस वर्षं धानाचे ट्रक दुरुस्त करून माणूस असा तयार झालाय, की गाडी न बघता नुसत्या डागावरून सांगेल, सील गेलं की पॅकिंग.

पण लाल डाग त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. तो त्या सोमवारी पाहिला आणि गडी असा खूश झाला, असा खूश झाला, की विचारू नका!

त्याचं असं झालं. भोजराजसेठ राइसमिलवाल्यांनी पोरीच्या लग्नासाठी एक जुनी विलायती गाडी उचलून आणली. साठ वर्षांची, मलईच्या रंगाची, बॉनेटवर दोन माणसं आडवी झोपतील एवढी लांबलचक. क्लचच नाही! दांडा स्टिअरिंगच्या मागं, आणि गिअर आपले आपण पडतात. शुक्रवारी नीतूची पाठवणी याच गाडीतून व्हायची होती. पण गाडी ट्रकवरून उतरवली आणि पोटातून लाल तेल टपकायला लागलं.

"नागपूरले पाठवतो तं लगन निघून जाईल," सेठ म्हणाले. "तू बोल योगराज. होते का तुझ्यानं?"

"होते म्हंजे? का गोष्ट करता सेठ!"

खरं सांगायचं तर योगराजनं आजवर आपोआप गिअर पडणारा एकही डबा उघडला नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते, तेवढंच. पण हात शिवशिवत होते त्याचे.

गॅरेजच्या मागच्या भिंतीत एक दार आहे आणि दारापलीकडं दोन खोल्या. तिथं तो आणि त्याची बायको रुख्मा राहतात. त्यानं आत जाऊन आधी तिला बातमी दिली. "या गाडीची ट्रायल तुले घेऊन करतो. समोरच्या सीटवर! कोहमाऱ्यापर्यंत जाऊ, ढाब्यावर चहा पिऊ, परत येऊ."

"बावीस वर्षं झाली लग्नाले," रुख्मा म्हणाली. "साऱ्या गावाच्या गाड्या फिरवता. मी आपली मोटरसायकलच्या मागंच."

"शुक्रवारच्या आधी. पक्कं!"

तिनं तोंड वाकडं केलं. पण दुपारी त्यानं पाहिलं, तर दोरीवर तिची ठेवणीतली जांभळी साडी ऊन खात होती. योगराजला एवढं बरं वाटलं की तो शीळ वाजवतच कामाला लागला. सेठचं लग्न, गिरणीवाल्यांची शाबासकी, ते सगळं असू दे बाजूला. रुख्माला त्या सीटवर बसवायचं होतं त्याला.

२

टायर तडकलेले होते, म्हणून सेठांनी चारही चाकं नव्या टायरसाठी नागपूरला पाठवली. गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढली. बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवली. मग योगराज पाठीवर सरकत आत गेला आणि गिअरबॉक्सच्या पोटाखालचं पातेल्यासारखं झाकण त्यानं सोडलं. मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. जुनी पॅकिंग पापडासारखी मोडली. साठ वर्षांच्या गाडीची पॅकिंग गोंदियात कुठं मिळणार? त्यानं ट्रकवाल्यांची रीत लावली. पॅकिंगचा कागद चेंबरवर पसरला आणि काठाकाठानं हातोडीनं ठोकत तोच आकार कापून काढला. मागचं सील नवं बसवलं. नवं लाल तेल भरलं. सगळं पोट पुसून कोरडं केलं.

मग आली परीक्षा. मोबाइलवरच्या मास्तरनं सांगितलं होतं, की कोरड्या केलेल्या जागेवर पावडर मारायची, म्हणजे गळती कुठून निघते ते दिसतं. योगराजनं रुख्माचा पावडरचा डबा अर्धा संपवला. खाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरला आणि जेवायला गेला.

तो परत आला तेव्हा पुठ्ठ्यावर सात थेंब होते. वर पावडर मात्र जशीच्या तशी! पांढरीशुभ्र. कुठं ओघळ नाही, रेघ नाही.

त्यानं पुठ्ठा ओढून उजेडात आणला आणि गुडघ्यावर बसला. आता थोडं सांगायला हवं, म्हणजे तुम्हाला कळेल त्याला काय दिसलं. उभ्या गाडीचा थेंब सरळ पडतो आणि गोल बसतो, कपाळावरच्या कुंकवासारखा. चालत्या गाडीचा थेंब मात्र रस्त्यावर पडताना पुढं ओढला जातो. त्याला शेपूट येते. शेपूट जिकडं, तिकडं गाडी गेलेली. ज्या ड्रायव्हरांचं तेल रस्त्यात गळतं त्यांच्या मागावर योगराज असाच कितीदा गेला होता.

त्या सातही थेंबांना शेपट्या होत्या. नखाएवढ्या, आणि सगळ्या गाडीच्या तोंडाच्या दिशेनं.

३

"हवा असन," तो स्वतःशीच म्हणाला. पंखा बंद केला. शटर अर्धं खाली ओढलं. फरशीला उतार आहे का ते पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिलं. बाटली जागची हलली नाही. नवा पुठ्ठा अंथरला, चारी कोपऱ्यांवर लोखंडी पाने ठेवले.

घाबरला का? छे हो! उलट त्याला चेव आला. तेवीस वर्षांत असलं काही हाताखालून गेलं नव्हतं. रुख्माला हाक मारून त्यानं ते थेंब दाखवले.

"म्हंजे गाडी चालून राहिली?" ती हसायला लागली. "चाकं तं नागपूरले गेली तिची!"

"तेच तं म्हणतो मी!"

"तुम्ही झोपा आधी घटकाभर. दमलेल्या माणसाले कायचंई दिसते."

बुधवारी सकाळी शेपट्या बोटभर झाल्या होत्या. चाकं नसलेली, बॅटरी नसलेली गाडी कालच्यापेक्षा जोरात निघाली होती. योगराज आत सरकला आणि गिअरबॉक्सला हात लावून झटकन मागं घेतला. इंजिन गार होतं. पण गिअरबॉक्स तापला होता, चाळीस-पन्नास किलोमीटर येऊन नुकत्याच थांबलेल्या ट्रकचा तापतो तसा.

तो बराच वेळ तिथंच पडून राहिला. ऊन शटरवर पडतं, पत्रा तापतो, तापलेली हवा खाली बसते... असा काहीबाही हिशेब त्यानं जुळवला. तापलेली हवा खाली बसत नाही, हे त्यालाही कळत होतं. मग त्यानं विचारच सोडून दिला. दुपारपर्यंत मागचं सील पुन्हा बदलायचं ठरवलं आणि चहा प्यायला.

४

दुपारी दीडला रुख्मा आली. जांभळी साडी नेसून, वेणी घालून! योगराज गाडीखाली होता. त्याला फक्त साडीचा काठ आणि चपला दिसल्या.

"आज नाही वो, चाकं उद्या येतात."

"मले मालूम हाय. नुसती बसून पाहते."

गाडीचा गालिचा खराब होऊ नये म्हणून तिनं चपला बाहेर काढल्या. नवीन सोफ्यावर बसताना काढतात तशा. दोन्ही चपला दाराशी नीट ठेवल्या. दार उघडलं, सीट कुरकुरली, दार लागलं.

"आई गं, किती मऊ हाय जी!"

योगराजला खालीच उकळ्या फुटल्या. "मग, निघालो का?"

"निघालो बाप्पा. हॉर्न वाजवा."

"पों पों! कुठंवर आलो?"

"नाक्यावर. ट्रकवाले पाहून राहिले माझ्याकडं."

"पाहू दे. जळू दे साल्यायले!"

दोघं असे हसत होते, की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं आत बारसं चाललंय. वीस वर्षांनी लहान झाली होती त्यांची जोडी. योगराजनं पाना फिरवत फिरवत विचारलं, "आता कुठं?"

"कोहमारा आला."

"मग थांबू ना. चहा घेऊ."

"गेला ना मागं! ही कुठं थांबते? सुसाट चालली."

एक थेंब पडला, त्याच्या कानाजवळ. योगराजनं मान वळवली. शेपूट वीतभर होती. पुठ्ठ्यावर लाल रेघच ओढली गेली होती जणू.

"अन् आता?" त्यानं विचारलं. हसू अजून तोंडावर होतं, पण आवाज जरा उतरला होता.

"धान हाय दोन्ही बाजूनं. केवढालं उंच! कापलं नाही अजून कोणी."

डिसेंबर लागला होता. साऱ्या जिल्ह्यात धान कापून, चुरून, गिरणीत पोचलं होतं. बायको आज मोठ्या मजेत आहे, असं त्याला वाटलं.

"अजी, रस्त्यावर कोणी उभं हाय. हात दाखवून राहिले."

आता ट्रकवाल्यांत एक रीत आहे. आडरस्त्याला कुणी हात दाखवला तर त्याला सोडून जायचं नाही. कोण, कुठला, विचारायचं नाही. बसवून घ्यायचं. योगराजच्या तोंडून ते सवयीनंच निघून गेलं. "घे ना बसवून! एवढी मोठी गाडी, जागेले का कमी हाय?"

"पण किती जण हायेत..." रुख्मा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, शेताच्या पलीकडच्या बांधावरून यावा तसा.

मग दार लागल्याचा धप्प आवाज झाला. थोड्या वेळानं आणखी एक.

५

योगराज बाहेर आला तेव्हा सीट रिकामी होती.

"रुख्मे?"

मागच्या खोल्यांत पाहिलं. स्वयंपाकघरात कुकर गार, चार्जिंगला लावलेला तिचा मोबाइल तसाच. शटर अर्धं खाली होतं, आणि त्याच्या खालून वाकून जाणारी बाई त्याला दिसल्याशिवाय राहिली नसती. आणि जाणार कशी? चपला गाडीच्या दाराशीच होत्या. गॅरेजच्या फरशीवर लोखंडाचा कीस पडलेला असतो. रुख्मा तिथं कधी अनवाणी पाऊल टाकायची नाही.

त्यानं गाडीत डोकं घातलं. सीटवर हात ठेवला. गरम होती. मग त्याचं लक्ष समोरच्या काचेकडं गेलं. सकाळीच त्यानं काच फडक्यानं लख्ख पुसली होती. आता तिच्यावर किडे चिकटलेले होते. धानावरचे बारके हिरवे किडे, शेकड्यांनी, जोरात आपटून चिरडलेले.

आणि स्टिअरिंगच्या मागचा दांडा 'डी'वर होता.

आपण काय केलं ते योगराजला तेव्हा कळलं. ट्रकवाला गाडी उभी करताना ती गिअरमध्ये टाकून ठेवतो, म्हणजे जागची हलत नाही. तेवीस वर्षांची सवय ती! सोमवारी गाडी घोड्यांवर चढवून झाल्यावर त्याच्या हातानं त्याला न विचारताच दांडा ओढला होता आणि पहिला गिअर सापडला तिथं सोडून दिला होता. ट्रकमध्ये त्याचा अर्थ 'थांब' असा होतो. इथं 'डी' म्हणजे चाल. सोमवारपासून त्यानं तिला चाल म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि ती चालली होती.

"मी तं खाली होतो," तो पुटपुटला. "मग चालवलं कोणं?"

त्याला उत्तर नको होतं. त्याला रुख्मा हवी होती.

६

पहिला विचार आला 'पी'चा. पार्किंग. गाडी जागच्या जागी थांबेल. पण थांबेल कुठं? जिथं असेल तिथं! त्या न कापलेल्या धानात, त्या उभ्या माणसांत. पलीकडून स्टिअरिंगमागं बसून ब्रेक दाबायला त्यानं पाय उचलला आणि परत घेतला; इतक्या वेगात करकचून ब्रेक मारला तर समोर बसलेल्याचं कपाळ काचेवर आपटतं. आणि सरळ 'आर'मध्ये, उलट्या गिअरमध्ये, टाकावा तर गिअरचा डबाच फुटेल. चालती गाडी एकदम उलटी नाही फिरवत.

आधी 'एन'. मोकळा. गाडीला आपणच मंदावू द्यायचं.

त्यानं दांडा हळूच ओढला. मग पळत जाऊन गाडीखाली शिरला. थेंब पडला. शेपूट वीतभर. पुन्हा पडला. चार बोटं. योगराज पुठ्ठ्याला नाक लावून बघत होता. दोन बोटं. नखाएवढी. "ये माझी बाई, ये," तो बडबडत होता. मग थेंब गोल पडला. अगदी कुंकवासारखा.

उठला, 'आर'मध्ये टाकला, पुन्हा खाली. आणि काय सांगू! पुढच्या थेंबाला शेपूट आली ती मागच्या बाजूला. गाडी परत निघाली होती!

"येऊन राहिली!" तो एकटाच ओरडला. "रुख्मे, येऊन राहिली तू!"

पण थेंब आता भराभर पडायला लागले. वरची पावडर अजून कोरडी, आणि खाली टपटप टपटप. तेल संपलं तर गाडी वाटेतच राहील. योगराजनं तेलाचा डबा आणि नरसाळं घेऊन बॉनेटकडं धाव घेतली. तेल मोजायच्या काडीच्या नळीतून तेल ओतायचं, पळत खाली यायचं, शेपूट बघायची, पुन्हा वर. एक डबा. दुसरा. मोबाइल वाजत होता. सेठांचं नाव दिसत होतं. वाजू दे! घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, आणि खरं सांगतो, त्या घटकेला त्याला भीती आठवतही नव्हती. आपली बायको पुठ्ठ्यावर थेंबाथेंबानं घरी येत होती आणि तो तिला आणत होता.

साडेतीनला शेवटचा डबा अर्ध्यावर आला. शेपट्या लहान व्हायला लागल्या. बोटभर. नखाएवढी. त्यानं 'एन' केला, मग खाली पडून वाट बघितली.

गोल थेंब पडला. आणखी एक, तोही गोल. मग गळती थांबली.

७

तो बाहेर सरकणार तेवढ्यात वर दाराचा खटका वाजला.

चपलांजवळ एक पाय खाली आला. मग दुसरा. घोट्यापर्यंत चिखल होता, पण जोडवी त्यानं ओळखली. टाच ओळखली. पायांनी चाचपडत चपला शोधल्या आणि घातल्या. योगराजला हुंदका आला आणि हसूही आलं. त्यानं तसाच झोपल्या झोपल्या हात लांब करून तिचा घोटा धरला. गार होता, पण रुख्माचा होता.

"आली का वो? आली का तू?"

"लय दूर गेलो जी," रुख्माचा आवाज आला. दमलेला. "थांबा, घाई नका करू. तिथंच राहा."

"काऊन?"

पलीकडचं, स्टिअरिंगकडचं दार उघडलं. मग मागचं एक. मग मागचं दुसरं. एकामागून एक उतरत होते, आणि उतरणं संपत नव्हतं; एवढी माणसं त्या गाडीत मावली कशी कोण जाणे. योगराजनं मान वळवली. गाडीच्या पलीकडं अनवाणी पाय ओळीनं उभे होते. चिखलानं गुडघ्यापर्यंत काळे. बायकांचे, गड्यांचे, एक फार लहान. कुणी बोलत नव्हतं. कुणी हलत नव्हतं. दारात आलेला पाहुणा घरधन्याच्या तोंडाकडं बघत उभा राहतो, तसे ते उभे होते.

"कोण हायेत हे?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच म्हटलं ना, बसवून घे." रुख्मा हळू आवाजात बोलत होती. "या म्हणा त्यायले."

"रुख्मे, जाऊ दे त्यायले परत. मी गाडी टाकून देतो गिअरमध्ये, जातीन ते."

"जातीन. पण मले घेऊन जातीन." तिचा घोटा त्याच्या मुठीत एकदा थरथरला. "मी बसली ना जी त्यायच्यात. 'या' म्हणा, तं मी राहते."

बाहेर फुलचूरच्या रस्त्यावरून ट्रक चालले होते. कुणीतरी हॉर्न वाजवला. योगराजनं तिचा घोटा आणखी घट्ट धरला. पलीकडच्या ओळीतला तो फार लहान पाय एक पाऊल पुढं आला आणि थांबला.

"या," योगराज म्हणाला. "या, बसा आत."

ते सगळे पाय वळले आणि काही आवाज न करता मागच्या भिंतीतल्या दाराकडं, त्या दोन खोल्यांकडं निघाले. रुख्मानं घोटा हळूच सोडवून घेतला आणि सवयीनं पदर सावरत त्यांच्यापुढं गेली, दार उघडून धरायला.